शंका येते, तरी समज सुटत का नाही?

मे महिन्यात नागपुरात भर दुपारी कामासाठी बाहेर पडलेल्या माणसाच्या खिशात कांदा निघाला, तर इथं कुणाला नवल वाटत नाही. पारा ४५ अंशांच्या वर, डोक्याला-कानाला दुपट्टा गुंडाळलेला आणि खिशात एक लहानसा कांदा. कांदा जवळ असला की लू लागत नाही, हे विदर्भात लहानपणापासून कानावर पडतं. त्याच माणसाला विचारा की खिशातला कांदा शरीराचं तापमान कमी कसं करतो? तो भांडायला उठत नाही. बहुधा म्हणतो, "काई होत नसन त्यानं. पण ठेवाले काय जाते?"

या उत्तरापाशी थांबायला हवं. चुकीचा समज म्हणजे अज्ञान, आणि माहिती दिली की अज्ञान जातं, असं आपण धरून चालतो. शाळा, सरकारी फलक, जनजागृतीच्या फेऱ्या, सगळं याच भरवशावर चालतं. पण या माणसाला माहिती कमी नाही. त्याला शंका आहे आणि ती तो स्वतःच बोलून दाखवतो. तरी कांदा खिशातच राहतो. कांद्याच्या जागी लिंबू-मिरची, रात्री नखं न कापणं, ग्रहणात न जेवणं, काहीही ठेवा. शंका आणि समज एकाच डोक्यात वर्षानुवर्षं सुखानं नांदतात. हे कसं होतं?

मानसशास्त्रात बराच काळ एक सोपी मांडणी होती. डॅनियल कानेमान यांच्यामुळे ती जगभर पोचली. आपलं मन दोन तऱ्हांनी काम करतं. एक तऱ्हा झटपट, आपोआप, अंदाजावर चालणारी. दुसरी सावकाश, हिशेब करणारी, पण आळशी. झटपट मन चुकीचं उत्तर पुढे करतं आणि सावकाश मनाचं तिकडे लक्ष गेलं नाही, तर चूक तशीच राहते. याचा अर्थ असा घेतला जाई की एकदा लक्ष गेलं की चूक दुरुस्त होणारच.

शिकागो विद्यापीठातल्या जेन रायझन यांनी २०१६ साली या मांडणीतली एक गृहीत धरलेली पायरी सुटी करून दाखवली. त्यांचं म्हणणं असं की चूक लक्षात येणं ही एक क्रिया आणि ती दुरुस्त करणं ही दुसरी. पहिली झाली म्हणून दुसरी होतेच असं नाही. माणसाला कळतं की आपल्याला वाटतंय ते बरोबर नाही, आणि कळूनही तो त्या वाटण्याला मान तुकवतो. मला हे वाचून पहिल्यांदा नीट उलगडलं की आपल्या घराघरांत चालणाऱ्या वादांचा निकाल का लागत नाही. आपण समोरच्याला चूक दाखवत बसतो. ती त्याला आधीच दिसलेली असते.

याचे पुरावे रायझन यांच्याही आधीपासून जमत होते. १९८६ साली पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. दोन स्वच्छ बाटल्या घेतल्या. समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत दोन्हींत एकाच पाकिटातली साखर ओतली. मग त्यालाच दोन चिठ्ठ्या दिल्या, एकीवर साखर लिहिलेलं, दुसरीवर सोडियम सायनाइड. कोणती चिठ्ठी कोणत्या बाटलीला लावायची तेही त्यानंच ठरवायचं. नंतर दोन्हींतली साखर पाण्यात घातली, आणि सायनाइडची चिठ्ठी लावलेल्या बाटलीतल्या साखरेचं पाणी प्यायला लोक कचरले. विष नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. चिठ्ठी त्यांच्याच हातची होती.

१९९४ सालचा डेनेस-राज आणि एप्स्टाइन यांचा प्रयोग तर पैशांचा होता. एका भांड्यात १० गोळ्या, त्यात १ लाल. दुसऱ्यात १०० गोळ्या, त्यात लाल १० पेक्षा कमी, समजा ७. न बघता लाल गोळी काढली तर पैसे मिळणार. पहिल्या भांड्यात शक्यता १० टक्के, दुसऱ्यात ७ टक्के, आणि हे टक्के भांड्यांवर स्पष्ट लिहिलेले. तरी कितीतरी जणांनी मोठं भांडं निवडलं. गणित आपल्या विरुद्ध आहे हे आपल्याला कळतंय, पण लाल गोळ्या जास्त दिसतात म्हणून बरं वाटतं, असंही त्यांनी सांगितलं. खिशात कांदा ठेवणारा माणूस यांच्याहून वेगळं काही करत नाही.

'ठेवाले काय जाते' यामागे एक हिशेब आहे. समज पाळायचा खर्च जवळजवळ शून्य. न पाळायचा खर्च मात्र मनात मोठा होऊन बसतो. कारण नेमका ज्या दिवशी कांदा घेतला नाही त्याच दिवशी चक्कर आली, तर घरचे काय म्हणतील आणि आपण स्वतःला काय म्हणू, याचं चित्र आधीच डोळ्यांपुढे उभं राहतं. रायझन आणि थॉमस गिलोविच यांनी २००८ साली हे तपासलं. अभ्यास न करता वर्गात बसलं की सर नेमकं आपल्यालाच विचारतील, असं विद्यार्थ्यांना वाटतं. यात काही तर्क नाही हे त्यांनाही मान्य असतं. पण जे चित्र मनात चटकन आणि ठळक उभं राहतं, ते घडण्याची शक्यता जास्त वाटते. दैवाला डिवचलं की दैव उलटतं ही भावना अशी तयार होते, देवावर विश्वास असो वा नसो.

मात्र काहीच जात नाही हे म्हणणं खरं नाही, आणि इथं मला खरंच काळजी वाटते. शरीर थंड राहतं ते घामाच्या बाष्पीभवनानं. घाम उडून जाताना कातडीची उष्णता घेऊन जातो, आणि त्यासाठी आत पाणी आणि मीठ लागतं. कैरीचं पन्हं, ताक, साधं मीठ-साखरेचं पाणी हे काम करतं. सावली करते. खिशातला कांदा यात कुठेच येत नाही. पण कांदा आहे या धीरावर कुणी पाणी न घेता दुपारी दोन वाजता गाडी काढली, तर जायचं ते तिथं जातं.

सापाच्या बाबतीत तर हा हिशेब जिवावर बेततो. उमरेड, रामटेक, काटोल या बाजूला पावसाळ्यात शेतात काम करणाऱ्याला साप चावला की आजही काही घरांत आधी मांत्रिक आठवतो. त्या घरातल्यांना शंका नसते असं नाही. पण त्यांच्याजवळ पुरावाही असतो: मागच्या साली अमक्याला झाडलं आणि तो वाचला. तो खरंच वाचलेला असतो. का वाचला हे समजून घ्यायला हवं. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे आपल्याकडचे प्रमुख विषारी साप, पण तेही काही वेळा चावतात आणि विष सोडत नाहीत. त्यामुळे साप चावलेल्या माणसांच्या कानात कुणी काहीही पुटपुटलं, तरी त्यातले पुष्कळजण जगणारच. मांत्रिकाला मिळणारं यश हे सापांच्या जातींचं यश आहे. ज्याच्या अंगात खरंच विष गेलं, त्याच्यावर उपाय एकच, दवाखान्यात मिळणारं सर्पविषावरचं इंजेक्शन. आणि गेलेला प्रत्येक तास त्याला महाग पडतो.

अलीकडे अनेक घरं दोन्ही करतात. गाडी नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाकडे निघते आणि घरी कुणी उतारा टाकतं. मला हे वाईट लक्षण वाटत नाही. समज सुटलेला नाही, पण तो रस्त्यात आडवाही येत नाही. फक्त पेशंट बरा झाला की श्रेय कुणाला जातं, तिथं लक्ष ठेवावं लागतं.

ऐकून ऐकून खरं वाटणं

आता शंका बोथट करणारी दुसरी गोष्ट. एखादं वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं की ते जास्त खरं वाटू लागतं, हे १९७७ साली हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो यांनी दाखवलं. ओळखीचं वाक्य मेंदूला समजायला सोपं जातं, आणि त्या सोपेपणालाच आपण खरेपणा समजतो. अनेक वर्षं असा समज होता की हे फक्त आपल्याला माहीत नसलेल्या गोष्टींबाबत होतं. २०१५ साली लिसा फाझिओ आणि सहकाऱ्यांनी तोही मोडला. त्यांनी वापरलेलं एक उदाहरण आपल्याला मजेशीर वाटेल: स्कॉटलंडचे पुरुष घालतात त्या चुण्यांच्या आखूड वस्त्राला साडी म्हणतात. त्या वस्त्राचं खरं नाव ठाऊक असलेल्यांनाही अशी चुकीची वाक्यं दुसऱ्यांदा वाचल्यावर थोडी अधिक खरी वाटली. ज्ञान डोक्यात होतं, पण ते बाहेर काढून ताडून बघायचे कष्ट घेतले गेले नाहीत.

नागपूरकरांसाठी याचं सर्वांत जवळचं उदाहरण विधान भवनाजवळ उभं आहे. झिरो माइलचा स्तंभ आणि त्याशेजारचे चार घोडे. पाहुणा आला की आपण त्याला तिथं नेतो आणि सांगतो, हा भारताचा मध्यबिंदू. भूगोलाच्या पुस्तकातले आकडे घेऊन बसा. भारताची मुख्य भूमी पूर्व-पश्चिम ६८ अंश ७ मिनिटं ते ९७ अंश २५ मिनिटं रेखांशांत पसरली आहे. मध्य येतो ८२ अंश ४६ मिनिटांवर. नागपूर आहे ७९ अंशांच्या थोडं पुढे. म्हणजे साडेतीन अंशांहून जास्त पश्चिमेला, किलोमीटरमध्ये साडेतीनशेच्या वर. दक्षिणोत्तर मध्य साडेबावीस अंशांच्या आसपास, आणि नागपूर एकवीसच्या थोडं वर. देशाचा मध्य काढायच्या पद्धती अनेक आहेत आणि उत्तरं थोडी बदलतात. सध्या मान दिला जातो तो मध्य प्रदेशातल्या कटनी जिल्ह्यातल्या करौंदी गावाला. आपला स्तंभ ब्रिटिश काळातल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा, १९०७ सालचा. त्याच्यावर कोरलेली आहेत ती गावागावांची अंतरं. मोजणीसाठीची ती पक्की खूण होती, आणि तेवढ्यावरही तिचा मान कमी होत नाही.

हे सांगितलं की दोन प्रकारची उत्तरं येतात. एक, अहो अखंड भारताचा मध्य. त्या नकाशावर नागपूर मध्याच्या बरंच जवळ येतं, हे कबूल करायला हवं. पण पाहुण्याला सांगताना आपण अखंड भारत म्हणत नाही. तो शब्द आकडे समोर आल्यावर येतो. समज वाचवायची ही नेहमीची रीत आहे: पुरावा विरुद्ध गेला की दाव्याचा अर्थ थोडा सरकवायचा. दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक असतं. "असन बापा, पण सांगाले चांगलं वाटते."

ते चांगलं वाटणं क्षुल्लक नाही. देशाच्या मधोमध असणं हा या शहराच्या ओळखीचा भाग आहे, आणि त्याच्यात अर्धं सत्यही आहे. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग आणि सुरतेकडून ओडिशाच्या किनाऱ्याला जाणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग इथं एकमेकांना मिळतात. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे रेल्वेमार्गही इथंच येतात. ज्या समजाला असा खऱ्याचा आधार असतो आणि ज्याच्यात 'आपण' असतो, तो आकड्यांनी हलत नाही. येल विद्यापीठातले डॅन कहान यांनी अमेरिकेत हेच मांडलं: जी माहिती आपल्या गटातल्या स्थानाला धक्का देते, तिच्यावर माणूस जास्त कडक प्रश्न विचारतो, आणि जी सुखावते तिला सहज आत घेतो.

मे २०२४ च्या अखेरीस नागपुरात ५६ अंशांची नोंद झाल्याची बातमी देशभर गेली, तेव्हा समज टिकण्याची आणखी एक तऱ्हा दिसली. इथं उन्हाळे काढलेल्या माणसाला ती ऐकताक्षणी खटकायला हवी होती, आणि पुष्कळांना खटकलीही. जगातला अधिकृत उच्चांक ५६.७ अंशांचा आहे, १९१३ साली अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीतला. हवामान खात्यानं लवकरच खुलासा केला की स्वयंचलित केंद्रातल्या सेन्सरमध्ये बिघाड होता. तरी दरवर्षी कूलर लावायचे दिवस आले की ते ५६ गप्पांमध्ये परत येतं. जॉन्सन आणि सायफर्ट यांनी १९९४ साली गोदामाच्या आगीची गोष्ट सांगून हे मोजलं होतं. आधी लोकांना सांगितलं की कपाटात रंगाचे डबे आणि गॅसचे सिलिंडर होते. मग सांगितलं, ती माहिती चुकीची, कपाट रिकामं होतं. तरीही इतका धूर कशाचा, असं विचारल्यावर लोक रंगाच्या डब्यांकडेच वळले. कारण डबे काढून घेतल्यावर गोष्टीत भोक पडलं होतं. दुसरं कारण हाती दिलं, तेव्हाच डबे मागे पडले.

इथं एक फरक करून ठेवतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराई घेऊन जाणारे मानलेले काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे निघतात आणि सारा इतवारी-महालचा भाग 'घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडतो. त्या गर्दीतलं कुणीही मारबत जाळली म्हणून डासांची फवारणी थांबवा असं म्हणत नाही. तो सण आहे, शंभराहून जास्त वर्षांचा. लोक जे म्हणतात ते सगळं ते मानतातच असं नसतं, आणि अशा जागी पुरावा मागत हिंडणाऱ्यांना मी साथ देणार नाही.

प्रत्येकाला वाटतं, दुसरा मानतो

उन्हाळ्यात घरोघरी लोणचं घातलं जातं, गच्चीवर कुरडया-पापड पडतात. आणि त्याच दिवसांत काही घरांत पाळी आलेल्या बाईला बरणीजवळ येऊ देत नाहीत, लोणचं नासेल म्हणून. लोणचं नासतं ते ओल्या फोडींनी, कमी पडलेल्या मिठा-तेलानं, ओल्या चमच्यानं. ओल राहिली की बुरशी धरते. हे स्वयंपाकघरात आयुष्य घालवलेल्या बायकांना कुणी शिकवायची गरज नाही.

मग समज टिकवतं कोण? सून मानत नाही, पण सासूबाईंना वाईट वाटेल म्हणून लांब बसते. सासूबाईंनाही आता तसं वाटत नाही, पण शेजारपाजारच्या बायका काय म्हणतील, नि सूनही घरून हेच शिकून आली असेल, म्हणून त्या काही बोलत नाहीत. दोघी एकमेकींचं पाळणं बघतात आणि त्यावरून एकमेकींचा विश्वास ठरवतात. घरात विश्वास ठेवणारं कुणी नसतानाही नियम धडधाकट राहतो. डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी १९९३ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांमध्ये हेच पाहिलं, तिथं विषय दारूचा होता. कॅम्पसवर चालणारं पिणं आपल्याला फारसं पटत नाही, पण बाकीच्यांना ते पटतं, असं विद्यार्थ्यांना वाटत होतं. म्हणून कुणी तोंड उघडत नव्हतं.

या प्रकारच्या समजाचा भार पाळणाऱ्यावर पडतो, आणि इथं तो बायकांवर पडतो. कांद्याच्या बाबतीत मी जितका सैल आहे तितका इथं राहू शकत नाही.

याला तोड काय, तर आधी एक भीती बाजूला करू. नायहन आणि रायफ्लर यांच्या २०१० सालच्या शोधनिबंधानंतर असं बोललं जाऊ लागलं की चूक दाखवली की माणूस उलट जास्तच हट्टाला पेटतो. वुड आणि पोर्टर यांनी २०१९ साली पुष्कळ मुद्द्यांवर, हजारो लोकांवर हे तपासलं, तेव्हा असा उलटा परिणाम क्वचितच सापडला. बहुतेक माणसं दुरुस्ती ऐकतात आणि थोडी तरी सरकतात. तेव्हा सांगणं वाया जात नाही. मात्र ते सगळ्यांसमोर पाणउतारा करून सांगितलं, तर समोरचा मुद्दा सोडून मान वाचवायला लागतो.

लोकांनी मिळून जुनं सोडलं याचं सर्वांत मोठं उदाहरण याच शहरातलं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः धम्मदीक्षा घेतली आणि मग जमलेल्या लाखोंना २२ प्रतिज्ञा दिल्या. श्राद्ध-पिंडदान करणार नाही, ही त्यांतलीच एक. धर्मांतराचा अर्थ याहून फार मोठा आहे, तो या लेखात मावणार नाही. पण आपल्या विषयापुरतं बघितलं तरी त्या दिवसाची रचना लक्षात येते. प्रतिज्ञा मोठ्यानं म्हणायच्या होत्या, सगळ्यांनी एकत्र म्हणायच्या होत्या. शेजारचा काय मानतो याचा अंदाज बांधायची गरज उरली नाही, तो कानानं ऐकू येत होता. आणि नुसतं 'हे करणार नाही' एवढंच नव्हतं, त्याच्या जागी काय करणार तेही त्याच २२ मध्ये होतं. रिकामी जागा ठेवली नव्हती.

डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. तो अघोरी कृत्यांना आळा घालतो, आणि ते आवश्यकच होतं. पण लोणच्याच्या बरणीपर्यंत कायदा पोचत नाही.

तिथं घरातल्यांनाच काही करता येईल. यंदा लोणचं घालताना एकाच मसाल्याच्या दोन बरण्या भरा. एक नेहमीच्या रीतीनं, दुसरी जिला लांब बसवलं जातं तिच्या हातानं. फोडी दोन्हींच्या सारख्याच कोरड्या, मीठ-तेल सारखंच मोजून. काय झालं तर समज चुकीचा ठरला म्हणायचं, हे आधीच सगळ्यांनी मिळून ठरवा आणि कागदावर लिहा, नाहीतर दाव्याचा अर्थ झिरो माइलसारखा नंतर सरकतो. कोणती बरणी कुणाची याची चिठ्ठी तळाला चिकटवा, वर काही लिहू नका. दसऱ्याच्या सुमाराला दोन्ही उघडा, पण एकट्यानं नाही. सासूबाई, सून, शेजारच्या काकू, सगळ्या समोर असू द्या, आणि चव घेऊन झाल्यावरच बरण्या उलट्या करा.